मानकुरादाचा साक्षीदार

गोव्यातल्या आमोण्याच्या गोकुळदासांच्या फाटकावर एक पाटी आहे, ‘येथे अस्सल मानकुराद आंब्याची कलमे मिळतील.’ अक्षरे वडिलांच्या हातची. दर चतुर्थीला घर रंगवताना गोकुळदास आधी ती पाटी रंगवतात, मग घर. यंदा त्याच पाटीवर खटला झाला.

केरीचा रुद्रेश किनाऱ्याजवळ पाहुण्यांना खोल्या देतो. गोकुळदासांकडून नेलेल्या कलमाला यंदा पहिले आंबे लागले. त्याने ते थाटात पाहुण्यांपुढे ठेवले. त्यातल्या एका कारापूरकराने बाठा चोखत सांगितले, “गोड आसा. पूण मानकुराद न्हय.”

चार लोकांत नाक कापले गेले. रुद्रेशने थेट ग्राहक मंचात तक्रार केली. कलम बनावट आहे, पाटी उतरवा.

गोकुळदासांची पुतणी गौरवी डिचोलीत वकिली करते. ती म्हणाली, “काका, आपल्याला तज्ज्ञ साक्षीदार हवा. नात्यातला नको, कलमं विकणारा नको. आंब्यातलं कळणारा आणि शब्दाला वजन असणारा.”

“आंब्यातला कळना नाय असो गोंयात कोण आसा गो?”

“मग तर काम सोपंच आहे.”

गोकुळदास वेताच्या पाटलीत आंबे भरून आधी कारापूरच्या भिकाजींकडे गेले. आंब्यांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून भिकाजींनाच बोलावतात. त्यांनी आंबा हुंगला, डोळे मिटून खाल्ला, कोपरापर्यंत आलेला रसही सोडला नाही.

“वा! काय चव!”

“मग साक्ष देतलास मा?”

“आंबो बरो आसा. पूण मानकुराद आमच्या बांयकडचो,” त्यांनी परसातल्या विहिरीकडे बोट दाखवले. “हो तेचो चुलतभाव.”

मग सांखळीच्या बाजारातली आंबेवाली चंद्रावतीबाई. तिने आंबा कापलाही नाही. देठ हुंगून परत पाटलीत ठेवला. “भाऊ, मानकुराद खावचो तर माज्या माहेरचो. पेडण्याक आमच्या परसात...”

“तुजा माहेर नाका माका, साक्ष होयी!”

शेवटी निवृत्त शेतकी अधिकारी सगुण. त्यांनी भिंगातून पाने पाहिली, बाठा मोजला, साल चाटली आणि म्हणाले, “शास्त्राप्रमाणे हा मानकुरादच.”

गोकुळदासांनी हात जोडले. “देव पावलो!”

“पण शपथेवर सांगणार नाही. आमच्या गावचा मानकुराद जिवंत असताना मी ह्याला मानकुराद म्हटलं, तर गावात तोंड कुठे दाखवू?”

पाटली घेऊन गोकुळदास साक्षीदाराविनाच परतले. गौरवीने कपाळावर हात मारला. “कोणाला आपल्या परसापलीकडचं दिसतच नाही!”

“अभिमानान आंधळे झाले गो सगळे,” गोकुळदास खिन्नपणे म्हणाले. “खऱ्याक खरा म्हणाक माणसाक लाज कसली?”

सुनावणीला रुद्रेश आपल्या झाडाचे आंबे घेऊन आला. अध्यक्षबाईंनी विचारले, “तुमचा तज्ज्ञ कुठे?” “मिळाला नाही,” गौरवीने कबूल केले.

“राहू दे. जन्मभर कलमं बांधणारे गृहस्थ समोरच आहेत. त्यांनीच खाऊन सांगावं.”

गौरवीचा जीव भांड्यात पडला. काकांनी नुसते ‘हो’ म्हणायचे होते. गोकुळदासांनी शपथ घेतली आणि फोड तोंडात टाकली. चावली. पुन्हा चावली.

“गोड आसा,” ते म्हणाले. “पूण मानकुराद न्हय.”

गौरवीच्या हातातले पेन खाली पडले. रुद्रेशचे वकील आनंदाने उठले, “म्हणजे कलम बनावट!”

“कलम बनावट?” गोकुळदास गरजले. “कलम माज्या बापायच्या झाडाचा, अस्सल! दोष आसा तो केरीच्या मातीत! खाऱ्या वाऱ्यार मानकुराद पिकता काय? मानकुराद पिकता आमोण्यात, तोय माज्याच परसात!”

रुद्रेश ताडकन उभा राहिला. “ओ काका, केरीच्या मातीचा नाव काढू नकात! माज्या आज्यान घाम गाळल्यान त्या मातीत! माजो आंबो मानकुराद न्हय?”

“रुद्रेशबाब, बसा,” वकिलांनी त्याचा शर्ट ओढला.

“सोडा हो! बाई, लिहून घ्या. माजो आंबो मानकुराद! अस्सल! असो आमोण्यात सपनात पिकचो नाय!”

“म्हणजे कलम अस्सल होतं?” अध्यक्षबाईंनी हळूच विचारले.

“अस्सल म्हणजे? शंभर नंबरी!”

त्याच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. तक्रार तिथेच निकाली निघाली. सही करून अध्यक्षबाईंनी एक फोड उचलली. “छान आहे. पण खरं सांगू का, मानकुराद म्हणजे आमच्या मामाच्या...” टंकलेखकाची बोटे चालू झालेली पाहून त्या थांबल्या. “हे लिहू नका.”

वाटेत गौरवी म्हणाली, “काका, आज तुम्ही बुडवलंच होतं!”

“शपथ घेतली ती, गो. खोटा कसा बोलू?”

चतुर्थी आली. गोकुळदासांनी पाटीवर नवा रंग फिरवला. वडिलांच्या अक्षरांखाली थोडी जागा होती, तिथे त्यांनी आपल्या हाताने एक ओळ घातली: ‘मातीची हमी देत नाही.’