कोंडाजीदादाची बैठक

गाळा रिकामा करायला गेलेल्या माणसाने गाळेवालीची फुलं ओवत बसायचं नसतं, एवढी साधी गोष्ट कुणाला तोंडाने सांगावी लागेल असं कोंडाजीदादाला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. पण त्याच्या शेजारी, त्याच्याच बाकड्यावर, त्याचा पार्टनर महेश मांडीवर झेंडूचा ढीग घेऊन बसला होता आणि जिभेने दोऱ्याचं टोक ओलं करत होता. दसरा चार दिवसांवर आला होता. दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याला बोलता येईना, कारण न बोलणं हाच त्याचा धंदा होता.

हा धंदा जरा समजून घ्यायला हवा. नाशकात दादा पुष्कळ होऊन गेले. कुणी तलवारी नाचवल्या, कुणी काचा फोडल्या, आणि पुढे कोर्टाच्या तारखांना खेटे घालण्यात त्यांची उमेद संपली. कोंडाजीने यातलं काहीच केलं नाही. तो फक्त बसायचा. ज्याचं दुकान खाली करायचं त्याच्या दारासमोर बाकडं टाकायचं, अंगात पांढराशुभ्र सदरा, कपाळाला अष्टगंध, हाताची घडी, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे बघत राहायचं. शिवी नाही, धमकी नाही. गिऱ्हाईक पायरीवरूनच मागे फिरायचं. दोन-तीन दिवसांत दुकानदार आपण होऊन किल्ली आणून द्यायचा. बसलेल्या माणसावर पोलीस तरी कोणतं कलम लावणार? नाशिकरोडचं एक सलून त्याने असंच रिकामं केलं होतं, तेही स्वतःची दाढी वाढलेली असताना.

या विद्येला वारस मात्र मिळत नव्हता. स्वतःचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून नोकरीला लागला होता आणि 'वडील काय करतात' असं कुणी विचारलं तर 'बसून असतात' म्हणायचा. ते खरंही होतं, पण दादाला लागायचं. अशात मखमलाबादचा महेश येऊन चिकटला. घरचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा मळा, पहाटे उठून बाजारात क्रेट वाहायचा कंटाळा, आणि दादागिरीत लवकर उठावं लागत नाही असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. त्याच्याकडे मोटारसायकल होती. दादाची बुलेट गॅरेजात गेली ती परत आली नव्हती, आणि आली असती तरी किक मारायला गुडघा राहिला नव्हता. गाडी माझी, तेव्हा मी पार्टनर, असं महेशने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. दादाने तेही गिळलं. शिकवणीत त्याचं एकच वाक्य असायचं.

"बोलायचं नाय. बघून शीक."

आणि शिकायला काम मिळालं ते हे. सराफ बाजाराजवळच्या गल्लीत कोपऱ्यावर कुसाबाईचा फुलांचा गाळा होता. गाळ्याचा जुना मालक वारला आणि त्याचा मुलगा राजशेठ याला तिथे मोबाइलचं दुकान काढायचं होतं. कुसाबाईकडे कागद नव्हता. नवऱ्यामागे पोट चालवायला होता तो हाच गाळा, आणि तोही जुन्या मालकाच्या तोंडी शब्दावर. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, मुलगा एकलहऱ्याला वीज केंद्रात शिफ्टवर, म्हणजे गाळ्यात बाई एकटी. दादाने राजशेठला शब्द दिला की दसऱ्याची पूजा तू तुझ्याच दुकानात करशील. कोंडाजीचा शब्द आजवर खाली पडला नव्हता. पण हल्ली बिल्डर लोक जिममधली पोरं बोलवू लागले होते, 'दादा आता थकले' असं मागून ऐकू यायचं, आणि हे काम फसलं तर आपल्याला गल्लीतलं कुत्रंही दादा म्हणणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

असं असताना पार्टनर फुलं ओवत होता.

दादाने त्याला चहाच्या टपरीमागे नेलं आणि तिथे दबक्या आवाजात त्याची चांगलीच हजेरी घेतली. महेशला खरोखर वाईट वाटलं. तो म्हणाला, "दादा, म्या मुद्दाम नाय केलं. समोर झेंडू पडलाय आन् आपण हाताची घडी घालून बसलोय, असं लहानपणापासनं कधी झालंच नाय. आईनं पाहिलं असतं तर पाठ सोलली असती."

"तुझी आई हितं हाय का?"

"नाय."

"मग कोन बघतंय तुला?"

"तुम्हीच बघताय ना," महेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी महेश हात काखेत दाबून बसला. पण तोंड कुठे दाबणार? कुसाबाईने गोणी उघडली आणि हा बसल्या जागेवरून म्हणाला, "मावशी, ती दिंडोरीकडची गोणी कालची हाय, ती आधी काढा. ताजी मागं ठेवा." कुसाबाईने गोणी बदलली. मग एकीने शेवंतीचा भाव विचारला, कुसाबाईचे हात गुंतलेले, तर भाव यानेच सांगितला. मग पुडी बांधायला कुणी नव्हतं, म्हणून हा उठला. दुपारपर्यंत पार्टनर गाळ्याच्या आत आणि दादा बाहेर, अशी वाटणी होऊन गेली. दादा दातओठ खात बसून राहिला. बैठक मोडून उठणं त्याच्या शास्त्रात बसत नव्हतं.

त्याने मग एकट्याच्या जिवावर बघायला सुरुवात केली. असं बघितलं की नाशिकरोडचा सलूनवाला असता तर वस्तरा टाकून पळाला असता. पण दसऱ्याच्या तोंडावर झेंडूवाचून घरी कोण जाईल? दाराला तोरण पाहिजे, गाडीला हार पाहिजे. बायका यायच्या, दादाकडे बघून दचकायच्या, आणि मागे फिरायच्या ऐवजी सांगितलेल्या भावाने मुकाट्याने फुलं घेऊन जायच्या. त्या डोळ्यांसमोर घासाघीस करायची कुणाची छाती होईना. पुढे घुसायचीही होईना. त्यामुळे कुसाबाईच्या गाळ्यापुढे चक्क रांग लागली आणि ती रांग इतकी शिस्तीची होती की शेजारच्या गाळ्यांवरची धक्काबुक्की सोडून माणसं इकडे येऊ लागली. 'त्या पांढऱ्या सदऱ्यातल्या काकांकडे जा, तिथं गडबड नसते,' असं एक बाई दुसरीला सांगत होती, तेही दादाच्या समोर. दादाला काका म्हणवून घ्यायची सवय नव्हती.

त्यात कुसाबाई. या बाईला भीती म्हणून नव्हती, किंवा असली तरी सणाच्या घाईत घाबरायला तिला सवड नव्हती. दादा बोलत नाही, म्हणजे दादाची ना नाही, असा सरळ हिशेब तिने बांधला होता. "भाऊ, जरा पाय वर घ्या, पाणी मारते," म्हणाली. दादा बोलला नाही, पण पाणी आलं तसे पाय वर घ्यावेच लागले. "भाऊ, गल्ल्याकडं ध्यान ठेवा, मी आले," म्हणून ती देवीच्या दर्शनाला गेली. दादा यावरही बोलला नाही. एरवीही तो बघतच होता, आता गल्ल्याकडे बघत बसला. परत येताना तिने प्रसादाचा पेढा आणला आणि तो त्याच्या घडी घातलेल्या हातात कोंबला. घडी सुटली. आजवरच्या एकाही बैठकीत दादाची घडी सुटली नव्हती, आणि तीही एका पेढ्यापायी सुटावी याचा त्याला मनस्वी संताप आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजशेठचा धीर सुटला. त्याने दादाला न विचारता जिममधली चार पोरं पाठवली. ती गल्लीत छाती काढून शिरली, गाळ्यापुढे कोंडाजीदादाला बसलेलं पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. दादा ज्या गाळ्यापुढे बसलेत तो गाळा दादांचा, असं ती समजून चालली. एकेकाने वाकून पाया पडून घेतलं. "दादा, आम्हाला म्हाईत नव्हतं, माफी द्या," त्यांच्यातला मोठा म्हणाला. दादाला ओरडून सांगायचं होतं की अरे मूर्खांनो, मी इथे राखण करत नाही, मी इथे उठवायला बसलोय. पण बैठकीवर बोलायचं नाही हा नियम त्याने स्वतःच घातलेला. पोरांनी त्याचं मौन आशीर्वाद समजून घेतलं. महेशने लगेच चौघांना गाडीचा एकेक हार दिला, आणि त्यांनीही भाव केला नाही.

त्या संध्याकाळी टपरीमागे दादा महेशवर कडाडला. माझ्या जन्माच्या कमाईला तू फुलं वाहिलीस, उद्यापासून तुझी गाडी तुझ्याकडे आणि माझी वाट मला, असं त्याने साफ सांगून टाकलं. महेश खाली मान घालून ऐकत होता.

"पण दादा," तो हळूच म्हणाला, "मावशीची सून अजून आठ दिवस येत नाय. एकट्या मावशीला आत्ता काढलं तर ती बसंल कुठं?"

"ते बघणं आपलं काम नाय."

"बघणंच तर आपलं काम हाय म्हणता."

दादा चहा अर्धा टाकून चालायला लागला. गुडघा दुखत होता, घर पंचवटीत होतं, पण मोटारसायकलवर बसायला त्याने नकार दिला. महेश गाडी ढकलत त्याच्यामागून पुलापर्यंत आला.

दसऱ्याच्या दिवशी दादा एकटाच, सगळ्यांच्या आधी बाकड्यावर येऊन बसला. काम आज पुरं करायचंच होतं. पण गाळ्याचं दार आतूनच उघडलं, आणि आत महेश आधीच होता. गेले दोन दिवस तो पहाटे उठून मळ्यातून थेट इथे येत होता, हे दादाला आज कळलं. ज्या पहाटेला कंटाळून पोरगा आपल्याकडे आला, तीच पहाट त्याने परत डोक्यावर घेतली होती. दादाला राग आला, आणि राग नक्की कुणाचा आला हे कळेना म्हणून आणखी आला.

गर्दी दाटली. कुसाबाई एका शोरूमसाठी लांबलचक तोरण करत होती. "भाऊ, एवढं टोक धरा," म्हणून तिने दोऱ्याचं टोक दादाच्या हातात दिलं. तो बोलला नाही. आणि नेमका त्याच वेळी राजशेठ गाडीतून उतरला. त्याच्या हातात पूजेचं ताट होतं, कारण दादाने शब्दच तसा दिला होता. त्याने रांग पाहिली, आत भाव सांगणारा दादाचा पार्टनर पाहिला, आणि तोरणाचं टोक धरून बसलेला दादा पाहिला.

"कोंडाजीराव, बाईनं तुम्हाला काय दिलं?" त्याने विचारलं.

रांगेतल्या माना वळल्या. दादा विकला गेला असं आजवर कुणी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. दादाने मान वर केली आणि बघितलं. पण राजशेठ नव्या पिढीचा होता, त्याला त्या बघण्याचा अर्थच माहीत नव्हता.

"नाहीतर मग वय झालं म्हणा," तो पुढे म्हणाला. "तसं सांगायचं होतं आधी. राहू द्या आता हे काम. फुलं ओवा बसून."

वीस वर्षं न बोललेलं सगळं दादाच्या नरड्याशी आलं.

"ओवीन," तो गरजला. "हितंच बसून ओवीन. रोज ओवीन. तू मला उठवून दाखव."

वाक्य तोंडातून सुटलं आणि आपण काय बोललो ते दादाच्या ध्यानात आलं. पण सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. राजशेठने आजूबाजूला पाहिलं. हा गाळा रिकामा करू शकेल असा नाशकात एकच माणूस होता, आणि तो गाळ्यापुढे ठाण मांडून बसला होता. ताट तसंच घेऊन तो गाडीत बसला आणि निघून गेला. कुसाबाईने पदराने डोळे पुसले आणि आपट्याची पानं दादाच्या हातात ठेवली. ती काही बोलली नाही, आणि या वेळी दादालाही तिचं न बोलणं कळलं.

पण रोज ओवीन असा शब्द आता सगळ्या गल्लीदेखत दिलेला होता. आणि कोंडाजीचा शब्द म्हणजे शब्द. दादाने रागारागानेच महेशपुढे हात केला आणि महेशने त्या हातावर दाभण ठेवलं. पहिला हार व्हायला बराच वेळ लागला. दोन बोटांना टोचलं. एका बाजूला झेंडू दाटले, दुसऱ्या बाजूला दोरा उघडा पडला. तरी तो हार दादाने स्वतः पुढे मांडला, सगळ्यांना दिसेल असा.

कायनेटिकवरून एक बाई आल्या. त्यांना दादा कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी नेमका तोच हार उचलला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "हा वाकडा आहे. कमी करा काहीतरी."

 चार दिवसांत या गाळ्यावर कुणी भाव केला नव्हता. दादाने बाईंवर ती नजर रोखली. सलून रिकामं करणारी नजर.

"असे बघताय काय?" बाई म्हणाल्या. "वाकडा आहे तर आहे. पाच रुपये कमी करा."

दादाचं तोंड उघडलं. संतापाने त्याचे कान लाल झाले होते. तेवढ्यात आतून महेश वाकला, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, आदराने म्हणाला, "दादा, बोलू नका. बघून शिका."

आणि त्याने पाच रुपये कमी केले.