उत्तमभाऊंची बिनधक्क्याची गाडी

चाकं असलेली कोणतीही वस्तू दिसली, की उत्तमभाऊ तिच्यावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवून ती ढकलत. चहा बशीत सांडला, की वस्तू नापास. केळीवाल्याची हातगाडी, दवाखान्यातलं स्ट्रेचर, माझ्या मुलीचा पांगुळगाडा, सगळे नापास झाले. "धक्का बिलकुल न्हाई पाह्यजे, गुरुजी!"

उत्तमभाऊ म्हणजे बदनापुरातले माझे शेजारी, लग्नाचे व्हिडिओवाले. गोष्ट कॅसेटच्या जमान्यातली. बाकीचे कॅमेरा खांद्यावर घेऊन नाचत. यांना मात्र सिनेमावाल्यांसारखी रुळांवरून सरकणारी ट्रॉली हवी होती. शेवटी त्यांनी ती स्वतःच घडवली. जालन्याच्या एमआयडीसीतून रुळांसाठी पाइप आणले, एकेकाला डोळा लावून सरळ आहे का पाहिलं, फळीखाली बेअरिंगची चाकं बसवली. चहा सांडला नाही त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. ढकलायचं काम माझ्याकडे आलं. पोरांना पुढं ढकलणं हा गुरुजींचा धंदाच, असं त्यांचं म्हणणं!

पहिलं लग्न धावडा गावातलं. "हळू, गुरुजी! आजून हळू!" इतकं हळू, की आम्ही स्टेजपाशी पोचलो तेव्हा हार घालून झाले होते आणि पंगत बसली होती. उत्तमभाऊ नवरदेवाला म्हणाले, "दाजी, हार काढा आन् जल्दी पुन्हा घाला." नवरीचा मामा अंगावर धावून आला. मला पळता भुई थोडी झाली. हे मात्र शांतपणे रूळ गोळा करत बसले.

मग त्यांच्या लेकीचं, सुमीचं लग्न ठरलं. त्यांची माय खुबा मोडल्यापासून खाटेवर होती. जरा हिसका बसला की कळवळायची. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या, एवढीच तिची इच्छा. मांडव गल्लीच्या टोकाला. खुर्चीवर उचलून पाहिलं, रिक्षात बसवून पाहिलं. दोन्ही वेळा दारातूनच परत. "राहू दे, उत्तम. मी टीवीवर पाह्यन," म्हातारी म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

लग्नाच्या दिवशी पाहतो तर रूळ मांडवात नव्हते, घराच्या दारात अंथरले होते. ट्रॉलीवर गादी, गादीवर नवं लुगडं नेसलेली माय, मुठीत अक्षता.

"आन् कॅमेरा?" मी विचारलं.

"देला त्याला." ज्याला ते वर्षानुवर्षं 'भूकंपवाला' म्हणून हिणवत, तो व्हिडिओवाला समोर उभा होता!

मी ढकलू लागलो. मागचे रूळ उचलून पुढे जोडत वऱ्हाडी पळत होते. मांडवातून भटजी ओरडले, "मुहूर्त टळून राह्यला!"

"थांबा, महाराज. माय येऊन राह्यली."

ट्रॉली मांडवात पोचेपर्यंत मंगलाष्टकं थांबली. मायनं नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि लेकाकडे वळून म्हणाली, "धक्का न्हाई लागला रे, बाळा."



त्या लग्नाची कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत हलते. उत्तमभाऊ ती आल्यागेल्याला कौतुकानं दाखवतात, आणि एकदाही नाक मुरडत नाहीत.