पिवळ्या पट्टीच्या आत

माल रचण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मी एका मोठ्या गोदामाचा मुख्य आहे. ट्रक दारात आला आणि सगळे डोक्याला हात लावून बसले, की मला बोलावणं येतं आणि मी जागा काढून देतो. जागा कधी कमी नसते, रचणाऱ्याचं डोकं कमी असतं. हे मी बसच्या रांगेतल्या अनोळखी माणसांनाही सांगितलेलं आहे.

तेव्हा टायनी हाऊस नावाच्या इवल्याशा घरात राहायला जायचं मी ठरवलं यात नवल नव्हतं. आमचं तीन खोल्यांचं घर विकायचं, गावाबाहेर जमिनीचा तुकडा आहे तिथे ते उभं करायचं, झाडलोट चुटकीसरशी उरकायची आणि उरलेलं आयुष्य दारात खुर्ची टाकून बसायचं. गिऱ्हाईकही मी गाठलं होतं, दातांचे डॉक्टर. अडलं होतं ते बायकोच्या सहीवर, कारण घर दोघांच्या नावावर आहे.

"आधी इथे राहून दाखवा," ती म्हणाली. "जमिनीवर आखा तुमचं ते घर. आठवडाभर तिघंही आत राहू. न्हाणीघर सोडून पट्टीबाहेर पाऊल टाकायचं नाही. आम्ही आधी बाहेर पडलो तर मी मुकाट्याने सही करते. तुम्ही पडलात तर हा विषय जन्मात काढायचा नाही."

तिघं म्हणजे मी, ती आणि माझ्या सासूबाई.

मी रजा टाकली आणि गोदामातून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची चिकटपट्टी आणली. आम्ही ती धोक्याच्या जागेभोवती लावतो, पण ती काय, कुठेही चिकटते. हॉलच्या एका कोपऱ्यात घर आखलं. त्यात शेगडी, पलंग, गाद्या, सगळं बसवलं. बाकीचा संसार आतल्या खोलीत छतापर्यंत असा रचला की बघत राहावं. मी बघत राहिलो. बाकी कोणी बघितलं नाही, याचा मला तेव्हाच राग आला होता.

जड माल तळाला, हा गोदामातला पहिला धडा. म्हणून तांदळाचा डबा सासूबाईंच्या पलंगाखाली गेला. भात लावायचा म्हटलं की त्यांना उठवा, पलंग सरकवा, डबा ओढा.

"जावईबापू," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुम्हाला भात हवा की माझी झोप हवी, ते एकदा ठरवा."

"आई, थोडं नियोजन केलंत तर दोन्ही होईल."

"तिला सांगा नियोजन. मला झोप आली आहे."

खरी पंचाईत मात्र वेगळीच होती आणि ती माझ्या आराखड्यात नव्हती. आमच्या घरात भांडण झालं की बायको आतल्या खोलीत जाते, सासूबाई स्वयंपाकघरात आणि मी गॅलरीत. तीन माणसं, तीन दारं. दारं आपटून झाली की तासाभरात चहाला सगळे एकत्र. आमचा संसार इतकी वर्षं टिकला तो त्या दारांवर, हे मला पट्टीच्या आत बसल्यावर कळलं. इथे आपटायला काहीच नव्हतं. चिडलेल्या माणसाने पाठ फिरवली तरी त्याची पाठ आपल्या गुडघ्याला लागत होती. राहता राहिलं न्हाणीघर. तिथे बायको शिरायची आणि बहिणीला फोन लावून माझा उद्धार करायची. नळ सोडून. मला शब्दन् शब्द ऐकू यायचा.

रविवारी, शेवटच्या दिवशी सकाळी, माझ्या कोपराचा धक्का लागून चहाचं पातेलं तिच्या कणकेत गेलं.

"कोपर आवरा," ती म्हणाली.

"कुठे ठेवू कोपर?"

"रचा की. रचण्यात तुमचा हात कोण धरतो? गोदामातली खोकी एकमेकांवर चिडत नाहीत, म्हणून चाललंय तुमचं. मी खोकं नाही."

संताप संताप झाला नुसता. तेवढ्यात बेल वाजली. डॉक्टर आणि त्यांची बायको घर बघायला आले होते. दरवाजा पट्टीबाहेर. मी बायकोकडे बघितलं, तिने सासूबाईंकडे आणि त्यांनी छताकडे. कोणीच हललं नाही.

"दार लोटलेलं आहे, या आत," मी बसल्या जागेवरून ओरडलो.

दोघं आत आले. मोकळा हॉल, आणि कोपऱ्यात धोक्याच्या पट्टीच्या आत एकमेकांना खेटून बसलेली, फुगलेल्या तोंडांची तीन माणसं. डॉक्टरीणबाईंनी उचललेलं पाऊल हवेतच ठेवलं.

"इकडून चाललं तर चालेल ना?"

"खुशाल फिरा. आम्हालाच तिकडे येता येत नाही."

"का?"

"यांना विचारा," बायको म्हणाली.

"आठवडा झाला, मी त्या आतल्या खोलीत पाय ठेवलेला नाही," सासूबाई म्हणाल्या. "ठेवायचाच नाही असं जावईबापूंनी बजावलंय."

डॉक्टरांनी बुटाच्या टोकाने फरशी हळूच दाबून बघितली. "फरशी ठीक आहे?"

"उत्तम आहे."

"मग तुम्ही तिच्यावर का येत नाही?"

आता हे दोन वाक्यांत कसं सांगणार? मी म्हटलं, आधी खोल्या बघा, मग सांगतो. डॉक्टर भीत भीत आतल्या खोलीत शिरले आणि पुढच्याच क्षणी प्रचंड धडधडाट झाला. माझी रास कोसळली होती. माझी! त्या माणसाने तळाची पेटी ओढली असणार, हे मी आजही शपथेवर सांगतो. डॉक्टर बाहेर धावत आले, आपल्या बायकोचा हात धरला आणि दोघांनी थेट आमच्या पट्टीच्या आत उडी घेतली. सासूबाईंच्या पलंगावर.

"एवढाच भाग भक्कम आहे का हो?" डॉक्टरांनी धापा टाकत विचारलं.

माझं डोकंच फिरलं. आठवडाभराचा राग एकदम उसळला. "अहो, सगळं घर भक्कम आहे!" असं ओरडून मी हॉलच्या मधोमध गेलो आणि थयाथया नाचून दाखवलं. "बघा! काही खचतंय? काही हलतंय?"

मग बायको अगदी मऊ आवाजात म्हणाली, "अहो, खाली बघा."

पट्टी माझ्या मागे राहिली होती.

डॉक्टर गेले ते गेलेच. विषय बंद झाला. पट्टी मात्र काढता आली नाही, कारण ओढली की फरशीचा रंग निघतो. म्हणून तो चौकोन तसाच आहे, आत एक खुर्ची ठेवली आहे आणि माझं डोकं तापलं की मी तिथे जाऊन बसतो. निदान तेवढं घर तरी माझं, असं मला वाटत होतं.

काल बायकोशी जोरदार वाजलं. मी पाय आपटत चौकोनाशी गेलो, तर खुर्चीवर सासूबाई बसलेल्या. त्यांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही.

"आत जागा नाही, जावईबापू."