पिकत घातलेला फोटो

शालिग्रामच्या मळ्यात दोनशे अठरा केळ्यांचा घड लागला होता, आणि मेव्हणा मोतीलाल ते मानायला तयार नव्हता. महिन्यापूर्वी धूलकोटच्या लग्नात त्याने भर पंगतीत विचारले होते, "दाजी, केळी मोजली का पानं?" पंगत खो खो हसली. तेव्हापासून शालिग्रामला अन्न गोड लागत नव्हते. रविवारी मोतीलाल घड पाहायला येणार होता. पण माल न्यायला व्यापाऱ्याचा ट्रक शनिवारीच, ऐन थंडीच्या सकाळी, मळ्यात येऊन भोंगा वाजवू लागला.

नशिबाने पुतण्या अरविंद मस्कतहून सुट्टीवर आला होता. त्याच्याकडे काढलेला फोटो तिथल्या तिथे कागदावर बाहेर टाकणारा कॅमेरा होता, आणि त्यात दहाच कागद होते. दहातले नऊ फोटो त्याने घडाभोवती नाचत उडवले. बाहेर आलेला कागद तो उन्हात धरून फडाफडा हलवी, आणि त्यावर निळसर धुक्याशिवाय काही उमटत नसे.

"काका, टेन्शन मत लो. आखरीवाला पक्का येईल."

"नऊ डाव तू हेच म्हटलं."

शेवटच्या फोटोसाठी शालिग्रामने ठेवणीतला जोडा घातला. पितळी बकलांचा हा जोडा धूलकोटच्या मांडवातून निघताना चुकून त्याच्या पायात आला होता, आणि चूक दुरुस्त करायला त्याला अजून सवड झाली नव्हती. मग त्याने कापलेला घड कवटाळून छातीशी उचलला.

"काका, चेहरा दिसत नाही!"

"माहं तोंड मोतीलालनं वीस वर्सं पाह्यलं. घड पाह्यला नाही. दाब!"

कागद बाहेर आला. अरविंद तो हलवणार, तोच शालिग्रामने घड टेकवून झडप घातली.

"कच्चा हाये तो! कच्च्या मालाले कोनी ऊन दाखवते का?"

तो थेट घरच्या कोठीत शिरला. तिथे खाण्यापुरती केळी वाळल्या पानांत, गोणपाटाखाली उबेला ठेवली होती. शेजारीच त्याने फोटो पालथा निजवला.

"फोटो पिकत घालता?" बायको मालूबाई दारातून म्हणाली. "याड लागलं का तुमाले?"

अर्ध्या तासाने गोणपाट उचलले. फोटो असा झकास उतरला होता की घडाची फणी न् फणी मोजून घ्यावी. शालिग्राम कोठीतच नाचला. अरविंदने खिशातले कॅमेऱ्याचे माहितीपत्रक प्रथमच उघडले. कागद उजेडापासून जपा, थंडीत ऊब द्या, हलवू नका, असे त्यात लिहिले होते. त्याने ते गुपचूप पुन्हा खिशात घातले.

रविवारी मोतीलालने फोटो लांब धरला, जवळ धरला.

"घड खरा हाये. पन तुमचा कशावरून? मांगं कोन उभं हाये काय मालूम! तोंडच नाही."

शालिग्रामचा चेहरा खर्रकन उतरला.

"पाय तर दिसतात ना!" मालूबाई म्हणाली.

मोतीलालने पाय पाहिले. बराच वेळ पाहिले. मग उठून त्याने शालिग्रामला कडकडून मिठी मारली.

"पटलं, दाजी! तुमीच हाये. माह्याच जोड्यानं साक्ष देल्ली!"

ओसरीवर येऊन त्याने पितळी बकलांचा जोडा पायात सरकवला. अगदी मापाचा बसला. हसत हसत तो स्टँडकडे निघून गेला.

"अहो, जोडा गेला की!" मालूबाई म्हणाली.

"जाऊ दे वं," शालिग्राम फोटो छातीशी धरून म्हणाला, "घड तर मानला ना त्यानं!"