वाफसा येईपर्यंतचा तास

आमच्या बी.एड. कॉलेजात शेतीच्या घटकाचं टाचण सराव शाळेमागच्या जमिनीनं मंजूर केल्याशिवाय पाठ घेता येत नाही. टाचण संध्याकाळी पाचच्या आत वीतभर खोल पुरायचं. सकाळी ते शेऱ्यासह वर आलेलं असतं. जमीन मध्यम काळी आहे, अक्षर वळणदार नाही, पण लागतं. मी सोळा वर्षं मार्गदर्शक आहे. छात्राध्यापक माझ्यापेक्षा तिचे शेरे जास्त मनावर घेतात याचं मला वाईट वाटतं, पण तिचा अनुभव जास्त आहे.

रुबिना मुलाणीचा एकच पाठ उरला होता. इयत्ता सातवी, घटक 'जमिनीची मशागत', उपघटक 'वाफसा'. शनिवारी सराव पाठांची मुदत संपणार होती आणि हा पाठ राहिला असता तर सगळं वर्ष पुन्हा. तिच्या वडिलांचं सांगलीत घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे पोरगी मिनिटाला चोख. प्रस्तावना चार मिनिटं, हेतुकथन एक, विवेचन वीस, बाकी संकलन आणि स्वाध्याय. बेरीज बरोबर पस्तीस.

पहिल्या टाचणात तिनं लिहिलं, 'वाफसा म्हणजे जमिनीतील ओलावा.' शेरा आला: 'ओलावा चिखलातही असतो. सुधारून सादर करावे.'

दुसऱ्यात तिनं पुस्तकातली व्याख्या उतरवली, पेरणीजोग्या मातीत पाणी किती, हवा किती, टक्क्यांसह. शेरा आला: 'बरोबर. पण हे तुम्ही पाहिले कधी?'

"सर, बरोबर असून परत कसं आलं?" तिनं विचारलं.

"मलाही एकदा असंच आलं होतं," मी म्हणालो. "मी घटक बदलला."

तिनं घटक बदलला नाही. ती शाळेचे शिपाई भानामामा यांच्याकडे गेली. त्या जमिनीला पाणी तेच देतात.

"मूठ आवळायची," मामा म्हणाले. "लाडू वळला पायजे. खाली सोडला की फुटला पायजे. वळला न्हाई तर उशीर झाला. फुटला न्हाई तर घाई झाली."

"पण पाणी दिल्यावर वाफसा किती मिनिटांनी येतो?"

मामांनी तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि ते झाडलोटीला लागले.

तिसऱ्या टाचणात तिनं लिहिलं: पाणी देणे, दहा मिनिटे, मुठीची परीक्षा, पाच मिनिटे. शेरा आला: 'दोहोंच्या मध्ये वाट पाहण्यास वेळ ठेवलेला नाही.'

मंगळवारी तिनं चौथं टाचण पुरलं. त्यात मधे एक ओळ होती, 'वाट पाहणे', आणि पुढचा मिनिटांचा रकाना कोरा होता. आयुष्यात पहिल्यांदा रकाना कोरा सोडला, असं ती म्हणाली. सकाळी टाचण मंजूर होऊन आलं.

बुधवारी तिसऱ्या तासाला सातवीनं जमिनीला पाणी दिलं आणि सगळे बांधावर वाट पाहत बसले. मंजूर टाचण पुरं होईपर्यंत तास संपत नाही, म्हणून मुख्याध्यापक काळेबाग सरांनी घंटा थांबवली. संध्याकाळी मुलं घरी गेली आणि सकाळी त्याच तासाला परत आली. चौथा तास गणिताचा. गणिताचे सर पुस्तक घेऊन दाराशी उभे होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी खुर्ची मागवली.

शनिवार उजाडला. रुबिनानं मूठ आवळली, लाडू वळला. सोडला, तर थप्पकन पडून तसाच राहिला.

"जरा जोरात आपट," मी हळूच म्हणालो. "फुटेल. मी नोंद करतो. आज शेवटचा दिवस आहे, बाई."

तिनं लाडू उचलून हातात धरला. तिचा चेहरा उतरला होता.

"फुटेल सर. पण मग ही मुलं जन्मभर आपटत राहतील."

मला लाज वाटली, आणि ती माझी विद्यार्थिनी असल्याचा आनंदही झाला. तिनं मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं आणि मुलांमध्ये जाऊन बसली. रविवारी मुलं डबे घेऊन आली. भानामामांनी सगळ्यांना भाजलेल्या शेंगा दिल्या.

सोमवारी सकाळी अश्विनी पिसे नावाच्या मुलीनं मूठ आवळली. लाडू वळला. तिनं हात नुसता उघडला. लाडू पडला आणि भुगा झाला.

रुबिनानं संकलन आणि स्वाध्याय उरकून घेतले. मामांनी घंटा दिली.

"हजेरीवर वार कोणता टाकायचा?" काळेबाग सरांनी विचारलं.

"बुधवार," मी म्हणालो. "तिसरा तास आत्ता संपला."

ते बरोबरच होतं. गणिताचे सर आत गेले. मुदतीचा शनिवार अजून तीन दिवस लांब होता.

त्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे मूल्यमापनाचा कागद पुरला. सकाळी रुबिना माझ्याआधी येऊन बांधावर उभी होती. गुणांचा रकाना कोरा होता. खाली एवढंच लिहिलं होतं: 'बाईंना वाफसा आला आहे. पेरायला हरकत नाही.'

तिनं ते दोनदा वाचलं आणि डोळे पुसले. मी खाली सही केली आणि गुरुवारची तारीख टाकली.