रेडिओवरचे अडाणी आबा

आमच्या अमळनेरच्या गल्लीत सुपडू आबांना ठाऊक नाही असं काही नाही, आणि ते विचारत नाहीत असंही काही नाही. उभी हयात भरताची वांगी निवडण्यात गेलेला हा माणूस भाजीवालीपुढे उकिडवा बसून विचारतो, "बाई, भरताचं वांगं कसं वळखानं?" ती बिचारी समजावून सांगते. आबा मान डोलावतात, "असं शे का," म्हणतात आणि तिनं दाखवलेलं बाजूला सारून आपल्या मनासारखं वांगं उचलतात.

डोकं फिरतं हो माझं. सकाळी पेपर उघडला की कुंपणावरून आवाज येणार, "मास्तर, आज वार कोणता?" सांगितला की, "असं शे का. मंग उद्याना कोणता?"

ही सगळी रेडिओची करणी. जळगावचं रेडिओ केंद्र नवं होतं, तेव्हा शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दोघं गप्पा मारायचे. दगडूभाऊ जाणकार आणि आपले आबा अडाणी. आबांची स्वतःची केळी तालुक्यात नाव काढणारी, पण रेडिओवर विचारणार तेच आणि सांगणार भाऊ. लोकांना ते खरंच वाटायचं. आबांचे होणारे सासरे तर स्थळ मोडायला निघाले होते. म्हणे, केळीला पाणी कधी द्यायचं हे ज्याला रोज विचारावं लागतं, त्याच्या घरी पोर द्यायची कशी? शेवटी भाऊच त्यांच्या गावी गेले, शपथेवर सांगून आले, तेव्हा कुठे लग्न झालं.

ते भाऊ गेल्या दिवाळीत गेले. आणि आता जळगावात रेडिओच्या पहिल्या मंडळींचा सत्कार ठरला. 'आबा, दोन शब्द बोलावे लागतील,' असा निरोप आला.

त्या संध्याकाळी आबा माझ्याकडे आले आणि काहीच विचारेनात. शेवटी म्हणाले, "मास्तर, माले सांगता येत नही. बठ्ठी जिंदगी मी फक्त इचारं. सांगे तो भाऊ."

मला गलबलून आलं. मी चार वाक्यं लिहून दिली. एसटीत जळगाव येईपर्यंत आबा ती पुटपुटत होते.

शाल झाली, नारळ झाला, हातात माईक आला. चारही वाक्यं आबा विसरले असावेत. मग त्यांनी मान डावीकडे वळवली. स्टुडिओत त्यांच्या डाव्या हाताला भाऊ बसत.

"राम राम, दगडूभाऊ," आबा म्हणाले. "आते मी कोनले इचारू?"

लोकांना वाटलं, जुन्या कार्यक्रमाचीच नक्कल चाललीय. जोरात टाळ्या पडल्या, मागून कुणीतरी शिट्टीही मारली. आबांची मान तशीच वळलेली होती. टाळ्या थांबेनात, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"जरा गप्प ऱ्हा ना," ते म्हणाले. "भाऊ काय सांगस ते ऐकू येत नही."