लाल माठाचे साक्षीदार

“येत्या गणपतीपर्यंत मानसीच्या अंगात रक्त बारा करून दाखवतंय!”

दशरथ राऊळांनी त्या बुधवारी घाटकोपरच्या आपल्या बिल्डिंगीच्या दारात लाल माठाची जुडी तलवारीसारखी उगारली आणि हे जाहीर केलं. तो त्यांचा शेवटचा बुधवार होता. तसं कुणालाच वाटलं नाही. इतका साधा बुधवार होता तो!

दोन वर्षांपूर्वी एकुलत्या एक लेकीचं हिमोग्लोबिन आठ निघालं, तेव्हापासून हा माणूस पेटला होता. बायको जाऊन चार वर्षं झालेली. रात्रीचं मासळीचं जेवण मानसीनं करायचं, सकाळचा भाजीचा डबा बाबांनी, अशी घरात वाटणी. माठानं रक्त वाढतं, शेवग्यानं हाडं बळकट होतात, दुधीनं डोकं निवतं, हे त्यांना तोंडपाठ! आणि सहा महिन्यांत रक्त खरोखरच अकरा झालं.

आता आतली गोष्ट. रक्त वाढलं होतं डॉक्टरांच्या गोळ्यांनी! मानसीच्या घशाखाली भाजी लहानपणापासून उतरत नसे. पहिल्याच दिवशी मरोळच्या ऑफिसात तिनं डबा शेजारच्या सुबोधपुढे सरकवला, कॅन्टीनमधून वडा-उसळ मागवली आणि पुस्तकात रमून बसली. संध्याकाळी रिकामा डबा पाहून बाबांचे डोळे असे उजळले, की खरं सांगणं उद्यावर गेलं.

दुसऱ्या दिवशी डब्याला एक कप्पा वाढला. आठवड्यानं आणखी एक. सुबोधला आवरेना, म्हणून त्यानं पलीकडच्या टेबलावरच्या नीलमला बोलावलं, नीलमनं अकाउंट्सला. बघता बघता अख्खा मजला राऊळकाकांचा झाला!

“मानसी, काकांना सांग ना, भोपळ्यात मेथीदाणे झकास लागतात.”

मानसी घरी सांगे, “बाबा, भोपळ्यात मेथीदाणे झकास लागतात.” आणि बाबा रात्री खिडकीत उभे राहून एकटेच हसत. बाहेर मेट्रोचे दिवे सरकत जायचे, त्यांच्याकडे बाबा कुठल्यातरी परसातल्या वेलाकडे बघावं तसे बघत राहायचे.

“काय गो, डबो पुरलो मा?” त्या बुधवारीही त्यांनी विचारलं.

“पुरला, बाबा.”

गुरुवारी सकाळी फ्रिजमध्ये निवडलेला माठ वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. बाबा उठले नाहीत.

तेराव्यानंतरच्या रविवारी सुबोध आणि नीलम भेटायला आले. आत्या घरातच होती. मानसीला एकच ध्यास लागला होता. बाबांच्या हातची भाजी एकदा तरी जिभेवर यावी. तिनं चार दिवस रोज माठ केला होता, पण चव जुळली की नाही हे तिला कळणार कसं? तिनं ती चाखलीच कुठं होती?

सुबोधनं एक घास घेतला आणि खाली बघत म्हणाला, “ही काकांची नाही.”

आत्या ताठ झाली. “तुला रे काय ठाऊक?”

“रोज मानसीचा डबा खायचो ना मी!”

“रोज?” आत्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “घरच्यांच्या कानावर घातलंय? कधीचा मुहूर्त धरायचा?”

“अहो आत्या, माझं लग्न झालंय!”

“अरे देवा! म्हणजे आणखीनच वाट लागली!”

“मीच त्याची बायको, आत्या,” नीलम घाईनं म्हणाली. “मीही खायचे. सगळा मजला खायचा.”

“सगळा मजला! मगे ही काय खायची?”

मानसी उठून ओट्याशी गेली. “सांग,” ती सुबोधला म्हणाली.

चोराचं चित्र काढताना पोलीस साक्षीदाराला विचारतात ना, नाक असं की तसं? तशी ती दुपार गेली.

“लसूण ठेचलेली?”

“नाही गं, अख्खी. दाताखाली यायची.”

“सुबोध, खोबरं विसरलास.”

“शेवटी! गॅस बंद केल्यावर! नीलम, तुला काही आठवत नाही.”

“तुला आठवतं, कारण माझा वाटाही तूच खायचास!”

कढईतून वाफ वर चढत होती, ऊन तिच्यात तांबूस झालं होतं, आणि माणसांचे आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखे येत होते. तिसऱ्या खेपेला सुबोधनं चमचा तोंडात घातला आणि तो तसाच राहिला.

“हीच,” तो म्हणाला. नीलमनं मान हलवली आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

मानसीनं भात वाढून घेतला. माठाचा रस पसरला तसा पांढरा भात गुलाबी होत गेला. तिनं घास घेतला. सावकाश चावला.

“बाबा,” ती मोठ्यानं, सगळ्यांदेखत म्हणाली, “तुमचा डबा मी कधी खाल्लाच नाही. एक घाससुद्धा नाही. दोन वर्षं रोज खोटं बोलले.”

आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मानसीनं आणखी एक घास घेतला, डोळे पुसले.

“आणि बाबा, मीठ फार कमी आहे हो!”